मिश्र स्वरमेळावा

नांदेडात चार माणसं एकत्र गायला बसली की दुसऱ्या कडव्यापर्यंत चौघंही एकाच सुरावर येऊन टेकतात. त्यात गैर काही नाही. शेजारचा माणूस एक सूर लावून बसला असताना आपण मुद्दाम दुसरा लावायचा, हे आपल्याकडं भांडण उकरून काढण्यातच जमा होतं. सुरात सूर मिसळणारा माणूस लग्नकार्यात, कॉलनीच्या बैठकीत आणि साहेबाच्या केबिनमध्ये सारखाच उपयोगी पडतो. रविकांत यांनी या जुन्या आणि सोयीच्या व्यवस्थेला हात घालायचं ठरवलं, आणि पुढं बरेच महिने त्यांना कुणी सुखानं चहा पिऊ दिला नाही.

रविकांत विष्णुपुरीच्या धरणावर शाखा अभियंता. मुलगी समीक्षा बँकेच्या नोकरीत शिलाँगला. तिच्याकडं डिसेंबरात गेले असताना ती त्यांना नाताळची गाणी ऐकायला घेऊन गेली. बाया-पुरुष चार ओळींत उभे राहिले आणि चारी ओळींनी चार वेगवेगळ्या चाली धरल्या, तरी गाणं एकच ऐकू येत होतं. कानटोपीतल्या रविकांत यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यांच्या पत्नी महामाया यांना वाटलं, कानटोपी आवळून राहिली असेल. त्यांनी ती सैल केली, तरी पाणी थांबेना. गाडीत बसल्यापासून उतरेपर्यंत रविकांत एकच वाक्य बोलत होते, की हे आपल्याकडं झालं पाहिजे, आणि मला एकदा त्याच्या मधोमध उभं राहून ऐकायचंय.

माणसं जमवणं अवघड गेलं नाही. गाण्याची हौस सगळ्यांनाच असते, अडचण फक्त ऐकणाऱ्यांची असते. विहाराचं सभागृह रविवारी सकाळी मोकळं होतं. शिकवायला लातूरची भार्गवी मिळाली. ती पुण्यात असलं चार सुरांचं गाणं रीतसर शिकून आली होती आणि दर रविवारी बसनं यायची, छोटा कीबोर्ड मांडीवर घेऊन. बायकांचा वरचा सूर, बायकांचा खालचा, पुरुषांचा वरचा, पुरुषांचा खालचा, अशी तिनं पहिल्याच दिवशी वाटणी केली. सगळ्यात खालचा सूर म्हणजे खर्ज. सगळ्या गाण्याचा भार त्याच्यावर असतो असं ती म्हणाली, आणि भार म्हटल्याबरोबर रविकांत आपणहून त्या ओळीत जाऊन उभे राहिले. संस्थापकानं आणखी कुठं उभं राहायचं?

शेजारी अनंतराव राहत. हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेले, पेटी वाजवणारे. आपली गोदावरीवरची कविता गायली जाणार असेल तर येतो, या अटीवर ते आले आणि पहिल्याच दिवशी त्यांनी हा सगळा प्रकार बेसूर असल्याचं जाहीर केलं. गणितात दोन उत्तरं आली तर एक चुकलेलं असतं, इथं तर चार येऊन राहिलीत, असं त्यांचं म्हणणं. पण ते सोडूनही गेले नाहीत. त्यांच्या पत्नी विनीताबाई बायकांच्या खालच्या सुरात होत्या. त्या चांगल्या सुरुवात करायच्या, मग वरच्या सुरातल्या बायका वर निघाल्या की यांचाही पाय निघायचा. भार्गवीनं विचारलं तेव्हा म्हणाल्या, त्यांना एकट्यांना वर सोडून आपण खाली कसं थांबायचं, बरं दिसत नाही.

महामायांना मात्र काही त्रास नव्हता. विनीताबाईंच्या शेजारी उभ्या राहून त्या आपला सूर धरायच्या तो धरायच्याच. भार्गवीनं कौतुक केलं तेव्हा त्यांनी सांगितलं, की लग्नापासून यांच्याबरोबर वेगळा सूर लावायची सवय हाय मला, त्यात काय एवढं. रविकांत यांनी हे कौतुक समजून हसून घेतलं.

कॉलनीचे सल्ले येतच होते. एकानं ढोलकी लावा म्हटलं, म्हणजे चुका झाकतात. दुसऱ्यानं मोबाइलवर ट्रॅक लावून नुसते ओठ हलवा असं सुचवलं, हल्ली सगळे तसंच करून राहिलेत. विहाराच्या मागच्या घरातले ग्यानोबा गुत्तेदार मोठ्या नम्रपणे विचारायला आले, की दर रविवारी तेच गाणं म्हणताय, आम्ही काही म्हणत न्हाई, पण ते बरोबर कधी म्हणणार हाव. रविकांत यांनी त्यांना बसवून चहा पाजला आणि चार सुरांचं तत्त्व समजावून सांगितलं. ग्यानोबांनी सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या रविवारपासून खिडक्या लावून घ्यायला सुरुवात केली.

गाणी तीन ठरली. अनंतरावांची गोदावरी, कारण तिच्यातून सुटका नव्हती. दुसरं शिलाँगचं नाताळगीत. त्याच्या मूळ भाषेतलं कुणालाच कळेना, तेव्हा महामायांनी विचारलं की आहे काय त्यात. भार्गवीनं सांगितलं, थंडीच्या रात्री गोठ्यात बाळ जन्मलंय. मग हा पाळणाच की, असं म्हणून महामायांनी चुलीपाशी बसल्यासारख्या मराठी ओळी रचून दिल्या. आणि तिसरी होती रविकांत यांच्या आईची ओवी. सरजाबाई हिमायतनगरला धाकट्या मुलाकडं असत. समीक्षा पहिल्यांदा शिकायला घराबाहेर पडली तेव्हा त्यांनी ती बसल्याबसल्या रचली होती:

दळण सरलं सारं, पीठ पाटीत मावंना,
लेक निघाली शिकाया, वाट डोळ्यांत मावंना.

भार्गवीनं ती चार सुरांत बांधली. खर्जाला त्यात फक्त एकच सूर होता. जातं फिरावं तसा तो सूर सुरुवातीपासून शेवटपर्यंत खाली घुमत राहायचा, बाकीचे तीन सूर त्याच्यावर ये-जा करायचे. दिसायला इतकं सोपं काम दुसरं नव्हतं, आणि तेच जमेना. दुसऱ्या ओळीशी आलं की खर्ज हळूहळू वर सरकायचा, वर सरकलेला खर्ज मूळ चालीला जाऊन मिळायचा, आणि मग सगळेच हुश्श करून एका सुरात गायला लागायचे. अनंतराव म्हणायचे, बघा, आता कसं गोड वाटतंय.

धरणावरच्या माणसाला गळती शोधायची सवय असते. कालव्याचं पाणी शेवटाला पोचत नसेल तर कुठंतरी एकच दार नीट बसलेलं नसतं. खर्जाच्या ओळीत चौघंजण होते. रविकांत यांनी मान न वळवता सगळ्यांचा अंदाज घेतला आणि संशय भुजंग यांच्यावर नक्की केला. भुजंग त्यांच्याच कार्यालयात कालवा निरीक्षक. आवाज असा, की कालव्याच्या या काठावरून त्या काठाला मोबाइलची गरज पडत नसे. एका संध्याकाळी रविकांत यांनी त्यांना धरणाच्या भिंतीवर फिरायला नेलं आणि फार सौम्य शब्दांत समजावलं, की आपण पाया आहोत, पायाच वर यायला लागला तर इमारतीचं काय होईल. भुजंग यांनी पाण्याकडं बघत 'हाव साहेब' एवढंच म्हटलं. पुढच्या रविवारपासून ते इतकं हळू गायला लागले, की खर्जात जो काही आवाज उरला तो बहुतेक रविकांत यांचाच उरला. गाणं आणखीनच लवकर वर जायला लागलं. रविकांत यांना भुजंगांच्या हट्टीपणाचं वाईट वाटलं.

अशात कार्यक्रमासाठी सभागृह मिळवायचं होतं. गावात एक जुनं, बऱ्यापैकी स्वस्त सभागृह होतं. तिथले व्यवस्थापक किशनराव यांच्याकडं कार्यक्रमाचे तीनच प्रकार होते: लग्न, भजन आणि ऑर्केस्ट्रा. लग्नाला स्वयंपाकघर मिळायचं, भजनाला सतरंजी आणि ऑर्केस्ट्राला पोलीस परवानगी लागायची. रविकांत यांनी तीनदा चकरा मारून समजावलं. बाया आहेत, पुरुष आहेत, ढोलकी नाही, देव नाही, जेवण नाही. किशनराव परेशान झाले. शेवटी ते म्हणाले की तुमच्या कार्यक्रमाचं नाव फोनवर सांगा, मी बसवतो कुठंतरी. रविकांत यांनी कालव्याच्या काठावरून, वाऱ्यात, फोन केला आणि सांगितलं, मिश्र स्वरमेळावा.

किशनरावांना सगळं लख्ख कळलं. बाया आहेत, पुरुष आहेत, जेवण अजून नाही. मिश्र वरमेळावा. साहेब घाईत वधू म्हणायचं विसरले एवढंच त्यांना वाटलं, आणि माणुसकी म्हणून वधू त्यांनी पदरची घातली. सभागृहाबाहेरच्या फळ्यावर सुंदर अक्षरांत लिहिलं गेलं: रविवारी मिश्र वधू-वर मेळावा, आयोजक रविकांत साहेब, विष्णुपुरी, सर्वांना मुक्त प्रवेश.

आपल्याकडं वधू-वर मेळावे पुष्कळ होतात, पण प्रत्येक समाजाचा आपापला असतो. आत जाताना माणूस निश्चिंत असतो, की आत सगळे आपलेच आहेत. मिश्र मेळावा कुणी पाहिला नव्हता. फळ्याचा फोटो दोन दिवसांत लातूरपर्यंत पोचला. रविकांत यांना तो शनिवारी दुपारी त्यांच्याच मोबाइलवर आला, खाली अनंतरावांचा निरोप होता, की समीक्षासाठी एवढा खटाटोप कशाला, आम्हाला सांगायचं. रविकांत स्कूटरवर धावले. किशनरावांनी चटकन वधू पुसलं, 'वर'च्या आधी अर्धा स जोडला आणि म्हणाले, झालं की दुरुस्त. फळा दुरुस्त झाला. फोटो नाही झाला.

याच शनिवारी संध्याकाळी शेवटची तालीम होती. भार्गवी बऱ्याच दिवसांपासून काहीतरी सांगायचं टाळत होती, पण आता वेळ उरली नव्हती. तिनं आपला मोबाइल खर्जाच्या ओळीत एका खुर्चीवर ठेवला, ओवी गाऊन घेतली आणि सगळ्यांना ऐकवली. पहिली ओळ छान गेली. दुसऱ्या ओळीला एक आवाज ओळखीच्या घराचा जिना चढावा तसा आत्मविश्वासानं वर चढायला लागला, आणि बाकीचे तिघं बिचारे त्याच्या मागून.

"हा कोण हाय?" रविकांत यांनी विचारलं.

कुणी पंख्याकडं बघायला लागलं, कुणी पाण्याची बाटली उघडली. भुजंग आपल्या चपला मोजत होते. महामाया तेवढ्या नवऱ्याकडं बघत होत्या.

"तुमचाच हाय," त्या म्हणाल्या. "मी इतकी वर्षं ऐकते, मला कळणार न्हाई का?"

भार्गवी घाईघाईनं पुढं आली. तसं काही नाही काका, कुणाचंही होतं, उद्या तुम्ही प्रास्ताविक करा, निवेदन करा, तेही महत्त्वाचं असतं, असं पुष्कळ काही ती बोलली. रविकांत यांनी ऐकून घेतलं. निवेदन! म्हणजे ज्यानं विहीर खणली त्यानं काठावर बसून पाण्याची माहिती सांगायची. त्यांना अपमान वाटला, खूप वाटला, आणि भुजंगांकडं बघायची हिंमत होईना. घरी आल्यावर ते महामायांना म्हणाले की उद्या मी गाणार, बघू कोण अडवतंय. महामायांनी भाकरी वाढली आणि कुणी अडवत न्हाई म्हणाल्या.

रविवारी सभागृह भरलं. चार सुरांचं गाणं ऐकायला नांदेडात फार तर दहाजण येतील असा रविकांत यांचा हिशेब होता. इथं बाहेर चपलांचा ढीग लागला. हिमायतनगरहून जीप आली होती, जळकोटहून दोन कुटुंबं आली होती. इस्त्रीचे सदरे, नव्या साड्या, आणि जवळजवळ प्रत्येक बापाच्या हातात प्लॅस्टिकची फाइल. किशनराव स्वयंपाकघर उघडू का म्हणून विचारून गेले.

खरी गंमत पुढं झाली. आत येणारा प्रत्येक माणूस ओळखीचं कुणी नाही ना म्हणून बघायचा आणि नेमकं ओळखीचंच कुणीतरी भेटायचं. कार्यालयातला सहकारी, मुलीचे मास्तर, भावकीतला काका. मिश्र मेळाव्याला आलो असं एकमेकांना कोण सांगणार? "तुम्ही इकडं?" असं पहिल्यानं विचारलं की दुसरा फाइल पाठीमागं नेऊन सांगायचा, "काही न्हाई, गाणं ऐकायला." मग पहिलाही म्हणायचा की आम्हीही गाण्यालाच. एकदा असं बोलून बसल्यावर उठून जायची सोय राहिली नाही. रविकांत यांनी माइकवर दोनदा स्पष्ट केलं की हा फक्त गाण्याचा कार्यक्रम आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या, की आम्हाला दुसरं कुठं काय वाटलं होतं.

पहिली अनंतरावांची गोदावरी झाली. रविकांत छाती भरून गायले. तिसऱ्या ओळीला त्यांना आपलं आपल्यालाच कळलं की जिना सुरू झाला, पण पाय थांबेनात. खर्ज वर गेला, विनीताबाई वर गेल्या, एकट्या महामाया थोडा वेळ खाली तग धरून राहिल्या आणि मग सगळं गाणं एका सुरात आलं. सभागृहानं टाळ्यांचा कडकडाट केला. त्या लोकांना फार आवडलं. अनंतरावांनी विजयी मुद्रेनं वाकून नमस्कार केला. रविकांतही हसत होते, आणि तेवढ्यात त्यांची नजर भार्गवीवर गेली. ती प्रेक्षकांकडं पाठ करून उभी होती, त्यामुळं तिचा चेहरा फक्त गाणाऱ्यांना दिसत होता. ती रडत नव्हती. घरच्या कार्यात भाजी करपल्यावर बाईनं पाहुण्यांसमोर जसा चेहरा ठेवावा तसा तिनं ठेवला होता. रविकांत यांना टाळ्या एकदम नकोशा झाल्या. शिलाँगहून आपण हे आणायला गेलो नव्हतो.

पाळणाही तसाच गेला, तशाच टाळ्या पडल्या.

मग ओवी. भार्गवीनं हात वर केला. रविकांत यांनी बाजूच्या भुजंगांच्या कानाशी वाकून सांगितलं, "भुजंगराव, माझं चुकलं. आज मोकळ्या आवाजात म्हणा." आणि त्यांनी तोंड उघडलं, ओठ हलवले, पण घशातून काही बाहेर येऊ दिलं नाही.

हे इतकं जड असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. स्वतःच्या आईची ओवी, स्वतःच जमवलेली माणसं, आणि आपण मुके. भुजंगांचा सूर निघाला आणि जमिनीला टेकून तिथंच राहिला. त्याच्यावर दुसरा चढला, मग बायकांचा खालचा. दुसऱ्या ओळीला विनीताबाईंनी डोळे गच्च मिटून महामायांचा हात धरला आणि त्या खालीच थांबल्या. वर बायका वाट डोळ्यांत मावंना म्हणत दूर जात होत्या आणि खाली जातं फिरत होतं. कुणी कुणाला जाऊन मिळत नव्हतं, आणि तरी कुणी एकटं पडलेलं नव्हतं. रविकांत त्याच्या मधोमध उभे होते. त्यांना समीक्षाची फार आठवण आली, आणि गाऊन जे वर्षभर ऐकता आलं नव्हतं ते न गाता ऐकायला आलं.

ओवी संपली तेव्हा टाळ्या पडल्या नाहीत. संपली की नाही हे लोकांना कळेना. मग जळकोटचे एक गृहस्थ हातातल्या फाइलसकट उभे राहिले. त्यांची मुलगी हैदराबादला नोकरीला होती आणि तिनं ठरवलेलं स्थळ घरी चाललं नव्हतं, हे नंतर कळलं. ते म्हणाले, "ह्ये शेवटचं पुन्हा एकदा म्हणता का?" ती पुन्हा म्हटली गेली. रविकांत यांनी पुन्हा ओठ हलवले.

सभागृह रिकामं होताना बऱ्याच फाइलींची गुपचूप अदलाबदल झाली असं किशनराव सांगतात, आणि पुढच्या गाण्याची तारीख काय म्हणून रोज चारजण विचारून राहिलेत म्हणे. त्या वेळी रविकांत यांना यातलं काही दिसत नव्हतं. ते स्टेजच्या कडेला खुर्चीवर बसले होते. भार्गवी कीबोर्ड पिशवीत घालत होती. एवढ्यात अनंतराव आले. त्यांनी रविकांत यांचा हात दोन्ही हातांत घेतला.

"मी हरलो," ते म्हणाले. "चारी उत्तरं बरोबर होती. पण एक सांगतो रविकांतराव, ओवीत आज तुमचा आवाज जो लागला ना, असा कधी लागला नव्हता. सगळा भार तुम्ही एकट्यानं पेलला."

भुजंग पलीकडं सतरंजी गुंडाळत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. रविकांत यांना हसू येत होतं की रडू, त्यांनाही ठरवता येईना. खरं सांगावं तर अनंतरावांचा हात सुटला असता, आणि खोटं बोलायला आवाज फुटत नव्हता. कसंबसं तोंड उघडून ते एवढंच म्हणाले, "आभारी आहे." ते शब्द घशाच्या पार तळातून, जड आणि सावकाश आले, आणि शेवटचा 'हे' तिथंच खाली घुमत राहिला.

पिशवीची चेन लावता लावता भार्गवीचा हात थांबला. तिनं कीबोर्ड पुन्हा बाहेर काढला, एक पट्टी दाबून बघितली आणि जवळजवळ धावतच त्यांच्यापाशी आली.

"काका, हाच तो सूर," ती म्हणाली. "आता हलू नका."